उसाच्या चिपाडातलं लिग्निन तोडायचंय? मग काहिल कधी उतरवायची ते आधी ठरवा

एमएस्सीच्या प्रोजेक्टला दरवर्षी कुणीतरी हा विषय उचलतंच, शेतीतला कचरा, त्यातलं लिग्निन (वनस्पतीला ताठपणा देणारा चिवट पदार्थ), ते काढायला ग्रीन सॉल्व्हंट (पर्यावरणाला कमी त्रास देणारा द्रावक), त्यातून व्हॅनिलिन (व्हॅनिलाच्या वासाचा रेणू) वगैरे, ऐकायला एकदम भारी वाटतं आणि गाईडपण लगेच हो म्हणतात. मग दोन महिन्यांनी पोरगं बीकरच्या बुडाला चिकटलेला डांबरासारखा काळा गोळा घेऊन येतं आणि विचारतं, दादा आता याचं काय करू. मी स्वतः असला गोळा घेऊन अख्खं एक सेमिस्टर फिरलोय, अॅसिटोनमधे विरघळेना, अल्कोहोलमधे विरघळेना, शेवटी बीकर फेकून दिला. म्हणून हे सगळं एकदाच नीट लिहून ठेवतोय, ज्यांच्याकडं साधी कॉलेजची लॅब आहे त्यांच्यासाठी. मोठा हाय प्रेशर रिअॅक्टर असलेल्यांसाठी शेवटी थोडं आहे, पण मुख्य मामला ऑइल बाथ, रोटाव्हॅप (कमी दाबाखाली सॉल्व्हंट उडवून काढायचं यंत्र) आणि टीएलसी प्लेट (मिश्रणातले पदार्थ वेगवेगळ्या ठिपक्यांत दाखवणारी पट्टी) यांच्यावर भागणारा.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. लिग्निन तोडणं अवघड नाहीये, अॅसिड घाला, तापवा, तुटतं. अवघड आहे ते तुटलेले तुकडे परत एकमेकांना चिकटू न देणं. गुऱ्हाळावर गेला असाल तर गुळव्या काय करतो बघितलं असेल, काहिल चुलवाणावरनं कधी उतरवायची ह्याच्यावर त्याचा सगळा जीव असतो, थोडा उशीर झाला की पाक पुढं जातो आणि मग पाणी घातलं तरी तो गूळ काय पिवळा होत नाही. लिग्निनचं डिट्टो तसंच आहे.

असं का होतं ते थोडक्यात. लिग्निन हे तीन प्रकारच्या फिनॉलिक तुकड्यांपासून बनलेलं असतं, ज्यांना एच, जी आणि एस म्हणतात, फरक एवढाच की रिंगवर मिथॉक्सी गट शून्य, एक का दोन. हे तुकडे एकमेकांना बऱ्याच तऱ्हेनं जोडलेले असतात पण सगळ्यात जास्त असतो तो बीटा-ओ-४ ईथर बंध, रुंद पानांच्या झाडांच्या लाकडात जवळपास निम्मे किंवा त्याहून जास्त बंध हेच. हा तुटायला सोपा. बाकीचे जे कार्बन-कार्बन बंध आहेत, ५-५, बीटा-५ वगैरे, त्यांच्या नादाला लागू नका, ते साध्या परिस्थितीत हलत नाहीत. आता अॅसिडमधे बीटा-ओ-४ तुटताना साखळीच्या अल्फा कार्बनवर धन चार्ज तयार होतो, आणि बाजूलाच दुसऱ्या तुकड्याची इलेक्ट्रॉननी भरलेली अॅरोमॅटिक रिंग बसलेली असते, दोघं भेटले की झाला नवा कार्बन-कार्बन बंध. म्हणजे तुम्ही तोडायला सोपा बंध तोडला आणि त्याच्या जागी न तुटणारा बंध बनवला! याला कंडेन्सेशन म्हणतात आणि तो काळा गोळा म्हणजे हेच. तापमान जास्त, वेळ जास्त, अॅसिड जास्त, की गोळा नक्की.

म्हणून सॉल्व्हंट निवडताना फक्त ग्रीन आहे का एवढं बघू नका, तो तुटलेल्या तुकड्याला पटकन बाहेर ओढून विरघळवून ठेवतो का आणि शक्य झालं तर त्या चार्जवर स्वतः जाऊन बसतो का, हे बघा. मिथेनॉल, इथेनॉल, इथिलीन ग्लायकॉल ही मंडळी हे दुसरं काम करतात.

कच्चा माल

चिपाडच घ्या. लाकडाचा भुसा पण चालतो पण सुताराकडचा भुसा म्हणजे चार लाकडं मिसळलेली, वर प्लायवूडचं रेझिन, आणि प्लायच्या रेझिनमधे फिनॉल असू शकतो, मग तुमच्या जीसीत (गॅस क्रोमॅटोग्राफीत, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून दाखवणाऱ्या यंत्रात) फिनॉल दिसला तर तो लिग्निनचा का प्लायचा हे कोण सांगणार. उसाचं चिपाड रसवंतीवर फुकट मिळतं. कारखान्याचा बगॅस, म्हणजे तिथलं चिपाड, पण चांगला, पण आजकाल तो सहवीजनिर्मितीच्या बॉयलरला जातो, त्यामुळं ओळख लागते. एक टन ऊस गाळला की साधारण २८० ते ३०० किलो ओला बगॅस निघतो आणि त्यात निम्मं पाणीच असतं. कोरड्या मालात सेल्युलोज ४० ते ४५ टक्के, हेमिसेल्युलोज २५ ते ३०, लिग्निन २० ते २५ आणि उरलेली राख-माती-मेण. रसवंतीवाल्याला फक्त एवढं विचारा की आलं-लिंबू सोबत घालून पिळलेलं नाही ना, कारण लिंबाच्या सालीतलं तेल आणि आल्यातले फिनॉल दोन्ही पुढं त्रास देतात. हे मला टीएलसीवर तीन अनोळखी ठिपके दिसल्यावर कळलं.

चिपाड त्याच दिवशी धुवा, साखर राहिली की दुसऱ्या दिवशी आंबट वास, तिसऱ्या दिवशी बुरशी. गरम पाण्यात दोनदा बुडवून काढा, उन्हात तीन-चार दिवस कडक वाळवा, कात्रीनं बारीक तुकडे करून मिक्सरमधे फिरवा आणि ४० मेशच्या चाळणीतनं चाळा. मिक्सर आईचा वापरू नका, पाती बोथट होतात आणि मग घरी वेगळं कंडेन्सेशन होतं. चाळलेली पूड सॉक्सलेटमधे (तेच सॉल्व्हंट उकळून परत परत पुडीवर सोडणारं काचेचं उपकरण) इथेनॉलवर सहा तास चालवा म्हणजे मेण, हिरवा रंग, बाकीची चिल्लर निघून जाईल. इथेनॉलला एक्साईज परमिटची भानगड असेल तर आयसोप्रोपेनॉल चालतं. मग ६० डिग्रीला रात्रभर ओव्हनमधे. आता ही पूड हवाबंद डब्यात ठेवा आणि वर तारीख लिहा.

यात मुळात लिग्निन किती आहे ते आत्ताच मोजून घ्या, नाहीतर पुढं यील्ड कशाच्या टक्केवारीत सांगणार? क्लासन पद्धत सरळ आहे: ३०० मिलिग्रॅम पूड, ३ मिली ७२ टक्के सल्फ्युरिक अॅसिड, ३० डिग्रीला एक तास अधनंमधनं काचेच्या कांडीनं हलवत, मग ८४ मिली पाणी घालून अॅसिड ४ टक्क्यांवर आणायचं, ऑटोक्लेव्हमधे १२१ डिग्रीला एक तास, गाळून १०५ डिग्रीला वाळवून वजन. त्यानंतर तेच क्रूसिबल ५७५ डिग्रीला जाळून राखेचं वजन वजा करायचं. उसात सिलिका बरीच असते, राख वजा केली नाही तर लिग्निन फुगतं. आणि हो, हे क्लासनचं लिग्निन फक्त मोजायला, तोडायला नाही, ते आधीच पूर्ण कंडेन्स झालेलं असतं. दरवर्षी एक तरी जण तेच वाळवून पुढं तोडायला घेतो.

पहिली पायरी: सगळ्यात सोपं जे आहे ते आधी काढून घ्या

ही पायरी बहुतेक लोक गाळतात आणि माझ्या मते तीच उसाच्या बाबतीत सगळ्यात फायद्याची आहे. ऊस म्हणजे शेवटी गवतच, आणि गवताच्या लिग्निनला पॅरा-क्युमॅरिक अॅसिड एस्टर बंधानं लटकलेलं असतं, तसंच फेरुलिक अॅसिड हेमिसेल्युलोजला चिकटून असतं. एस्टर बंध तोडायला अॅसिड नको, उष्णता नको, थंड अल्कली पुरते. कंडेन्सेशनचा प्रश्नच येत नाही.

१० ग्रॅम पूड, २०० मिली १ मोलर सोडियम हायड्रॉक्साईड म्हणजे ८ ग्रॅम, झाकणाच्या बाटलीत, असेल तर नायट्रोजन दहा मिनिटं सोडून, रूम टेंपरेचरला २४ तास ढवळत ठेवा. द्रव तांबूस-तपकिरी होतो, कोकमच्या आगळासारखा. कापडातनं पिळून गाळा, चोथा धुवून बाजूला ठेवा, तो पुढं लागणार आहे. गाळलेला द्रव हळूहळू हायड्रोक्लोरिक अॅसिड घालत पीएच ५.५ ते ६ वर आणा आणि तिप्पट इथेनॉलमधे ओता, हेमिसेल्युलोज मळकट पांढऱ्या लोकरीसारखं बाहेर पडतं, गाळून टाका. रोटाव्हॅपवर इथेनॉल परत काढून घ्या, तेच पुढच्या बॅचला. उरलेल्या पाण्यात अॅसिड घालून पीएच २, आता लिग्निन तपकिरी गाळ होऊन बसतं. हा गाळ सेंट्रिफ्यूजनं काढा, फिल्टर पेपरच्या नादाला लागलात तर संध्याकाळ होईल, थेंब पडत नाही. वरचं पाणी इथाईल अॅसिटेटनं तीनदा एक्स्ट्रॅक्ट करा, सोडियम सल्फेटवर वाळवून सुकवा. जे राहतं त्यात पॅरा-क्युमॅरिक आणि फेरुलिक दोन्ही असतात. पॅरा-क्युमॅरिक गरम पाण्यात विरघळतं आणि थंडीत सुयांसारखं खाली बसतं, दोनदा रिक्रिस्टलाईज केलं की मेल्टिंग पॉइंट २१० च्या पुढं यायला पाहिजे. फेरुलिकचा १७० च्या आसपास, त्यामुळं मिश्रण आहे का ते मेल्टिंग पॉइंटच सांगतो, जीसी-एमएससाठी दुसऱ्या कॉलेजच्या पाया पडायची गरज नाही.

इथं डायक्लोरोमिथेन नको, इथाईल अॅसिटेटच वापरा, काम तेवढंच होतं आणि जवळजवळ सगळ्या औषध कंपन्यांच्या सॉल्व्हंट यादीत ते चांगल्या बाजूला आहे. बरं फेरुलिक अॅसिड हे काय फालतू प्रॉडक्ट नाही, जंतूंकडून त्याचं व्हॅनिलिन करून घेतात आणि ते नैसर्गिक म्हणून महागात विकलं जातं.

दुसरी पायरी: डीप युटेक्टिक सॉल्व्हंट

आता चोथ्यात जे मुख्य लिग्निन उरलंय ते काढायचं. इथं ग्रीन सॉल्व्हंटची खरी एंट्री. डीप युटेक्टिक म्हणजे दोन घन किंवा घट्ट पदार्थ मिसळले की हायड्रोजन बंधांमुळं दोघांचा मेल्टिंग पॉइंट धाडकन खाली येतो आणि द्रव बनतो. लेस्टर विद्यापीठात अँड्र्यू अॅबट यांच्या ग्रुपनं २००३ साली कोलिन क्लोराईड आणि युरियाचं १ ला २ मिश्रण दाखवलं, कोलिन क्लोराईड वितळतं ३०२ डिग्रीला, युरिया १३३ ला, आणि दोघं मिळून १२ डिग्रीला! म्हणजे पुण्याच्या थंडीत कपाटात ठेवलं तरी द्रवच. कोलिन क्लोराईड कोंबड्यांच्या खाद्यात घालतात त्यामुळं बऱ्यापैकी स्वस्त आहे, पण पोल्ट्रीच्या दुकानातनं आणू नका, ते मक्याच्या बुरकुंड्याच्या पुडीवर शोषवलेलं असतं, लॅब ग्रेडच घ्या.

लिग्निनसाठी युरियाऐवजी लॅक्टिक अॅसिड. ते साखरेपासून आंबवून बनतं, म्हणजे उसाचं लिग्निन उसाच्याच नातेवाईकानं काढायचं. १४ ग्रॅम कोलिन क्लोराईड, म्हणजे ०.१ मोल, आणि ०.५ मोल लॅक्टिक अॅसिड, बाटलीवर ८८ टक्के लिहिलं असेल तर ५१ ग्रॅम. ८० डिग्रीला ढवळा, अर्ध्या-एक तासात पाण्यासारखं स्वच्छ होतं. कोलिन क्लोराईड वजन करताना हात चालवा, ते हवेतलं पाणी इतकं ओढतं की पावसाळ्यात कोकणातल्या लॅबमधे वॉच ग्लासवर ठेवलं आणि पेन शोधायला वळलं की परत बघेपर्यंत चिखल. आधी व्हॅक्यूममधे वाळवून घ्या. थोडंफार पाणी राहिलं तर बिघडत नाही, उलट घट्टपणा कमी होतो.

यात ५ ग्रॅम वाळवलेला चोथा घाला, ऑइल बाथ १२० डिग्री, ४ तास. ढवळणी मॅग्नेटची असेल तर मोठा मॅग्नेट घ्या, सुरवातीला चोथा फुगतो आणि मॅग्नेट अडकतो, पहिला अर्धा तास तिथनं हलायचं नाही. याच जातीच्या सॉल्व्हंटमधे १४५ डिग्रीला ६ तास ठेवून पॉप्लर लाकडातलं ७८ टक्के लिग्निन काढल्याचं प्रसिद्ध काम आहे, त्यामुळं मोह होतो की आपणपण १४५ करावं. करू नका, निदान पहिल्यांदा नको. त्या तापमानाला लिग्निन बाहेर जास्त येतं खरं पण बीटा-ओ-४ जवळजवळ सगळे संपलेले असतात, म्हणजे पुढं तोडायला सोपं असं काही शिल्लक राहत नाही. तुम्हाला नुसतं लिग्निन पाहिजे, गोंद किंवा फिल्म बनवायला, तर १४५ ठीक. त्याचे छोटे रेणू पाहिजेत तर १२० च्या वर जाऊ नका आणि दर तासाला एक थेंब काढून रंग बघत राहा. मधासारखा, मग चहासारखा, मग कोऱ्या कॉफीसारखा. कॉफीवर थांबायचं.

गरम असतानाच ५० मिली इथेनॉल-पाणी निम्मंनिम्मं घालून पातळ करा, गाळा, चोथा त्याच मिश्रणानं धुवा. गाळलेल्या द्रवातलं इथेनॉल आधी उडवा आणि मग ३०० मिली थंड पाण्यात ओता. सुरवातीला पातळ करतानाच नुसतं पाणी घातलंत तर लिग्निन चोथ्यावरच बसतं आणि सगळी मेहनत वाया. रात्रभर फ्रीजमधे, सकाळी सेंट्रिफ्यूज, दोनदा पाण्यानं धुवून ४० डिग्रीला वाळवा. घाईत १०० डिग्रीच्या ओव्हनमधे टाकलं की वितळून चिक्कीसारखं पेट्री डिशला बसतं.

आमच्याकडं एकीला ११८ टक्के यील्ड आलं होतं, ती खूश, मी पण क्षणभर खूश. लॅक्टिक अॅसिड लिग्निनच्या ओएच गटांवर एस्टर होऊन बसतं, शिवाय स्वतःशीच जोडून लहान साखळ्या करतं आणि त्या पाण्यानं धुतल्या तरी पूर्ण जात नाहीत, वर ओलावा. एफटीआयआरमधे (इन्फ्रारेड प्रकाशानं रेणूतले गट ओळखायची तपासणी) १५१० आणि १६०० ला अॅरोमॅटिक दिसतं म्हणून समाधान मानू नका, १७३५ च्या आसपास दणदणीत कार्बोनिल पट्टा आला की समजायचं वजनात लॅक्टिक अॅसिडचा वाटा आहे. तो वाटा यील्डमधनं वजा करून लिहा, परीक्षक विचारतातच.

आता ग्रीनचा हिशोब

हे मला फार महत्त्वाचं वाटतं आणि प्रोजेक्ट रिपोर्टात कुणी लिहीत नाही. आपण ५ ग्रॅम चोथ्यातनं लिग्निन काढलं, समजा ०.७ ग्रॅम. आता सॉल्व्हंट परत वापरायचा तर ते ३०० मिली पाणी उडवावं लागणार. पाण्याची वाफ करायला ग्रॅमला २.२६ किलोज्यूल, म्हणजे एकूण ६७८ किलोज्यूल, म्हणजे जवळपास ०.१९ युनिट वीज, तीही रोटाव्हॅप शंभर टक्के कार्यक्षम धरून. १ किलो लिग्निनला मोजलं तर २७० युनिट. घरचं महावितरणचं बिल काढून बघा महिन्याचे किती युनिट येतात ते. कोलिन क्लोराईड बिनविषारी आहे, लॅक्टिक अॅसिड दह्यात असतं, सगळं खरं, पण ही वीज कोळशावर आली असेल तर कसलं ग्रीन.

याला उपाय आहेत. पाणी कमी घाला, १०० मिलीत गाळ पडतो का बघा. चोथ्याचं प्रमाण वाढवा. आणि खऱ्या स्केलवर कुणी करायचं ठरवलंच तर साखर कारखान्याकडं बघा, त्यांच्याकडं उसाचा रस आटवायला चार-पाच बॉडीचं (एकामागं एक जोडलेल्या, रस आटवायच्या भांड्यांचं) इव्हॅपोरेशन आधीपासून आहे, एका बॉडीची वाफ पुढच्या बॉडीला तापवते, त्यामुळं तेवढ्याच वाफेत कितीतरी पट पाणी उडतं. लिग्निनवाल्यांनी हे शिकायला युरोपात जायची गरज नाही, कराड-इस्लामपूरला जावं.

सॉल्व्हंट दुसऱ्यांदा वापरताना बाटलीवर किती वेळा वापरला ते लिहा. तिसऱ्या-चौथ्या वेळेला तो काळपट होतो, त्यात साखरेचे फुटलेले तुकडे, फरफ्युरल वगैरे साठतं, आणि अॅसिडचा काही भाग कोलिनशी एस्टर करून बसलेला असतो, म्हणून ताकद कमी होते. अनंत वेळा रीसायकल होतो असं कुठं वाचलं तर मनावर घेऊ नका.

बाकीच्या ग्रीन सॉल्व्हंटबद्दल थोडंसंच. इथेनॉल-पाणी हा सगळ्यात प्रामाणिक पर्याय, पण १८० ते २०० डिग्री लागतात आणि त्याला प्रेशर सहन करणारं भांडं पाहिजे. कॅनडात न्यू ब्रन्सविकला अल्सेल नावानं ही प्रक्रिया मोठ्या प्रमाणावर चालवून झालेली आहे. गॅमा-व्हॅलेरोलॅक्टोन लिग्निन फार सुंदर विरघळवतं, विस्कॉन्सिनच्या लोकांनी त्याच्यावर भरपूर काम केलंय, पण त्याचा बॉइलिंग पॉइंट २०७, म्हणजे उडवून परत मिळवणं महाग. आयॉनिक लिक्विडला (कमी तापमानालाच द्रव राहणारे क्षार) वाफ होत नाही म्हणून ग्रीन म्हणायची पद्धत पडली होती, पण इमिडॅझोलियमवाली बरीचशी पाण्यातल्या जिवांना घातक आहेत आणि किंमत बघूनच आपण परत येतो.

तिसरी पायरी: आता तोडायचं

कॉलेजात हायड्रोजनचा रिअॅक्टर नसतो, पण नॅनोपार्टिकलवाल्यांकडं टेफ्लॉन लायनरचा हायड्रोथर्मल बॉम्ब (प्रेशर सहन करणारं, घट्ट झाकणाचं स्टीलचं भांडं) असतोच, १०० मिलीचा. तो मागून आणा, लायनर नवा किंवा स्वच्छ असेल तर उत्तम. आपण अल्कलीत कॉपर ऑक्साईडनं ऑक्सिडेशन करणार, सॉल्व्हंट पाणी, यातनं अॅल्डिहाईड मिळतात. अल्कलीत ते धन चार्जवालं अॅसिडचं कंडेन्सेशन होत नाही, आणि तुटलेला तुकडा लगेच अॅल्डिहाईड होऊन स्थिर होतो, त्यामुळं गोळा होण्याची भीती कमी.

यासाठी दुसऱ्या पायरीचं लिग्निन नाही, पहिल्या पायरीत पीएच २ ला बसलेलं अल्कली लिग्निन घ्या, थंडीत काढल्यामुळं त्यात बीटा-ओ-४ शाबूत असतात. दोन्ही करून तुलना केलीत तर प्रोजेक्टचा एक चॅप्टर तिथंच निघतो. ०.५ ग्रॅम लिग्निन, २ ग्रॅम कॉपर ऑक्साईड, ५० मिली २ मोलर सोडियम हायड्रॉक्साईड, नायट्रोजन दहा मिनिटं, मग झाकण घट्ट. निम्म्याच्या फार वर भरू नका. ओव्हन १६० डिग्री, ३ तास. आत पाण्याच्या वाफेचं प्रेशर ६ बारच्या आसपास जातं, म्हणून ओव्हन बंद केल्यावर बॉम्ब रात्रभर तसाच राहू द्या, कोमट असताना उघडायचा शहाणपणा नको, आत गरम कॉस्टिक, म्हणजे तेच सोडियम हायड्रॉक्साईड, आहे, डोळ्याला लागलं तर संपलं. गॉगल सक्तीचा, चष्मा म्हणजे गॉगल नव्हे.

सकाळी उघडलं की तळाला लालसर पूड दिसेल, कॉपर ऑक्साईडनं ऑक्सिजन दिला आणि तो क्युप्रस झाला, रिअॅक्शन झाल्याची ही पहिली खूण. गाळून ठेवा, हवेत भाजली की परत काळी होते आणि परत वापरता येते. द्रव पीएच २ ला आणा, न तुटलेलं लिग्निन खाली बसेल, ते काढा, वरचं इथाईल अॅसिटेटनं तीनदा. सुकवताना वॉटर बाथ ४० च्या वर नको, व्हॅनिलिन उडतं. फ्लास्क नाकाशी नेला की बेकरीचा वास येतो, आणि खरं सांगतो पहिल्यांदा तो वास आला तेव्हा मी शेजारच्या लॅबमधल्या चार जणांना बोलावून हुंगवला होता. चाखायचं मात्र नाही, त्यात तांबं आहे.

टीएलसी हेक्झेन-इथाईल अॅसिटेट ७ ला ३, बाजूला व्हॅनिलिन, सिरिंगाल्डिहाईड आणि पॅरा-हायड्रॉक्सीबेंझाल्डिहाईड तिन्हीची स्टँडर्ड. यूव्हीखाली बघा, मग २,४-डीएनपी फवारा, अॅल्डिहाईड असेल तिथं केशरी ठिपका. आता पहिली पायरी का गाळायची नाही ते इथं कळतं: क्युमॅरिक अॅसिड आधी काढलं नाही तर तेच या रिअॅक्शनमधे तुटून पॅरा-हायड्रॉक्सीबेंझाल्डिहाईड देतं आणि तुम्ही लिहिता की उसाच्या लिग्निनमधे एच युनिट भरमसाट आहेत. छापील पेपरमधेही ही चूक बघितली आहे.

मिळणार किती? मिलिग्रॅम. तीन अॅल्डिहाईड मिळून लिग्निनच्या काही टक्के. आणि इथंही हिशोब करा, ५० मिली २ मोलर कॉस्टिक न्यूट्रल करताना ५.८५ ग्रॅम मीठ तयार झालं, अर्ध्या ग्रॅम लिग्निनसाठी जवळपास बारा पट मीठ. पाणी हा सॉल्व्हंट ग्रीन, पण मागं राहिलेली खारट बादली नाही. रॉजर शेल्डन यांचा ई-फॅक्टर हेच मोजतो, प्रॉडक्टच्या किलोमागं कचरा किती किलो. नॉर्वेत बोरेगार्ड कंपनी स्प्रूसच्या लिग्निनपासून १९६२ पासून व्हॅनिलिन बनवतेय आणि आजही टिकून आहे, पण ती फक्त व्हॅनिलिनवर नाही, त्याच लाकडाचा सेल्युलोज, इथेनॉल, काँक्रीटमधे घालायचं लिग्नोसल्फोनेट सगळं विकते. जगातलं बहुतेक व्हॅनिलिन तरीही पेट्रोलियममधल्या ग्वायकॉलपासूनच येतं.

ज्यांच्याकडं रिअॅक्टर आहे

त्यांनी हे ऑक्सिडेशन सोडून लिग्निन-फर्स्टकडं जावं. म्हणजे लिग्निन वेगळं काढायचंच नाही, चिपाडाची पूड, मिथेनॉल आणि रुथेनियम ऑन कार्बन (कार्बनच्या पुडीवर बसवलेला रुथेनियम धातू, हा उत्प्रेरक) एकत्र घालून २०० ते २५० डिग्रीला हायड्रोजनखाली फिरवायचं. मिथेनॉल लिग्निन बाहेर काढतं, आणि तुकडा बाहेर आला रे आला की उत्प्रेरक त्याला हायड्रोजन लावून गप्प करतो, चिकटायला वेळच मिळत नाही. बेल्जियममधे लुव्हनला बर्ट सेल्स यांच्या ग्रुपनं बर्चच्या लाकडातनं याच मार्गानं लिग्निनच्या ५० टक्क्यांच्या आसपास सुटे मोनोमर मिळवले, जे सैद्धांतिक कमालीच्या जवळ आहे. दुसरी युक्ती कातालिन बार्टा यांच्या नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन विद्यापीठातल्या कामातली: डायमिथाईल कार्बोनेटमधे इथिलीन ग्लायकॉल आणि थोडंसं सल्फ्युरिक अॅसिड, १४० डिग्रीला. तुटल्यावर जे चंचल अॅल्डिहाईड तयार होतं त्याला ग्लायकॉल लगेच अॅसिटल करून पकडून ठेवतं. हायड्रोजन नाही, महाग धातू नाही. पण डायमिथाईल कार्बोनेट ९० डिग्रीला उकळतं, म्हणजे भांडं प्रेशरचंच पाहिजे, साध्या गोल फ्लास्कला बूच मारून हे करायचं नाही, आणि ते पेट्रोलसारखं पेट घेतं हे विसरू नका.

आपल्याकडं पुण्यात एनसीएलमधे (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत) लिग्निन तोडण्यावर काम झालेलं आहे, तिथल्या लोकांना नीट ईमेल लिहिली आणि स्वतःचा क्लासन डेटा सोबत जोडला तर उत्तर येण्याची शक्यता बरीच वाढते. नुसतं सर मला लिग्निनवर प्रोजेक्ट करायचा आहे गाईड करा असं लिहू नका.

तांब्याचं पाणी सिंकमधे ओतायचं नाही, पीएच ९ च्या आसपास आणला की हायड्रॉक्साईडचा गाळ बसतो, तो वेगळ्या डब्यात. आणि चिपाड आत्ताच गोळा करून वाळवून ठेवा, गाळप हंगाम मार्च-एप्रिलपर्यंत आटपतो, रसवंत्या जूनमधे बंद होतात, आणि ऑगस्टमधे प्रोजेक्ट सुरू झाल्यावर ओलं बुरशी आलेलं चिपाड घेऊन माझ्याकडं येऊ नका.